घ्या, तुम्हीच चालवा दुकान

माझी जीभ तिरकी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नावं ठेवायला नको. आमच्या घराण्यात सरळ बोलणं हा कमीपणा समजतात. वडील मला "लवकर ऊठ" असं कधी म्हणाले नाहीत. ते म्हणत, "झोपा महाराणी, दुपारचं जेवणही अंथरुणातच पाठवतो." भाजीत मीठ जास्त झालं की आई स्वतःच जाहीर करायची, "आज समुद्र शिजवलाय, जपून पोहा." अशा घरात वाढलेली मी गेली सव्वीस वर्षं वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात बसते. पुढे काउंटर, काउंटरामागे माझं स्टूल, डाव्या हाताला डोळे तपासायची काळोखी खोली आणि मागे पडद्याआड भिंगं घासायचं यंत्र. काडी मोडलेला चष्मा घेऊन कुणी आलं की मी विचारते, "काय हो, यावर हत्ती बसवला होता का?" माणूस हसतो, मी हसते, काम होतं. काही जण मुद्दाम माझी बोलणी खायला येतात असं माझं मत आहे. माझ्या नवऱ्याचं मत वेगळं आहे, पण त्याला विचारतंय कोण.

सहा वर्षांपूर्वी त्या पडद्यामागे नवा कारागीर आला. पंचेचाळिशीचा, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटणही लावणारा. त्याच्यासारखं भिंग घासणारा अख्ख्या बाजारात नाही. फक्त त्याच्या कानात शब्द जसा शिरतो तसाच डोक्यात जाऊन बसतो, वाटेत कुठे वळत नाही. पहिल्याच आठवड्यात दुरुस्तीच्या कार्डावर त्याच्या सुबक अक्षरात लिहिलेलं दिसलं: "मोडण्याचं कारण: हत्ती बसला." मला वाटलं, चला, आपल्या जातीचा माणूस भेटला. विचारलं तर गंभीरपणे म्हणाला, "बाई, तुम्ही त्यांना विचारलंत आणि ते 'हो' म्हणाले. मी ऐकलं." आमच्या ह्यांनी हे ऐकून त्याचं नाव काटकोन ठेवलं. त्याला त्याचाही राग आला नाही. म्हणाला, नव्वद अंश म्हणजे चांगलंच.

भिंगवाल्याची गोष्ट तर बाजारभर झाली. हा भिंगवाला म्हणजे आम्हाला कोरी भिंगं पुरवणारा माणूस, दिवसातून चारदा फोन करणारा. एकदा मी वैतागून काटकोनाला म्हटलं, "सांगा त्याला, बाई मेल्या." त्याने सांगितलं. पाऊण तासात भिंगवाला पडलेल्या चेहऱ्याने दारात उभा, आणि मी काउंटरवर भाजलेले शेंगदाणे खात बसलेली. "असं कसं सांगितलंत हो तुम्ही?" मी काटकोनाला विचारलं. "तुम्ही म्हणालात, सांगा," तो म्हणाला. "मलाही पटलं नव्हतं. तुम्ही समोरच होतात."

तरी मला तो आवडायचा. नवं भिंग कसं झालंय विचारलं तर "वाईट" म्हणणारा माणूस सापडतो कुठे?

तर गेल्या महिन्यात, सोमवारी, बुद्धिबळ शिकवणारे एक आजोबा नवा चष्मा घेऊन परत आले. त्यांच्या मते चष्मा घातला की जमीन उजवीकडे कलते आणि पायऱ्या अंगावर येतात. मी चष्मा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला आणि त्यांच्या जुन्या चष्म्याशी ताडून पाहिला. डाव्या डोळ्याचं भिंग उजवीकडे आणि उजव्याचं डावीकडे! दुकानात तेव्हा आणखी तीन गिऱ्हाइकं होती. माझा पारा चढायला एवढं पुरे. पडदा सरकवून मी काटकोनाला बाहेर बोलावलं.

"बाई, त्या कार्डावर—" त्याने सुरुवात केली.

"एक शब्द बोलू नका!" मी म्हणाले. तो गप्प झाला. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "वा वा! डावं-उजवं कळेनासं झालं, म्हणजे आता फारच मोठे झालात तुम्ही. माझी कशाला अडचण? मी घरी बसते. घ्या, तुम्हीच चालवा दुकान!" आणि मी शटरची किल्ली काउंटरवर आपटली, पर्स उचलली आणि निघून आले. असं निघून जायला मला फार आवडतं. मागे सगळे चूप होतात.

दुसऱ्या दिवशी दहाला दुकानात पोचले तर शटर वर, काच लखलखीत पुसलेली आणि माझ्या स्टुलावर काटकोन. अंगात कोट. बहुधा कॉलेजच्या दिवसांतला, कारण बटणं आता लागत होती ती नाइलाजाने.

"बाई, तुम्ही कशाला आलात?" त्याने काळजीने विचारलं. "तुम्ही घरी बसणार होतात ना?"

मी तोंड उघडलं. आता एक सणसणीत वाक्य येणार होतं, ते जिभेवर तयारही होतं. पण तोच पुढे बोलला.

"काल आईला सांगितलं. ती म्हणाली, परत सांग. मी परत सांगितलं. मग तिने शेजारच्या काकूंना बोलावलं आणि मला तिसऱ्यांदा सांगायला लावलं. बाई, मला आजवर कुणी किल्ली दिली नव्हती. सगळे म्हणायचे, काम चांगलं आहे, पण याला माणसांसमोर ठेवू नका."

मी गिऱ्हाइकांच्या खुर्चीत जाऊन बसले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी माझी गत झाली. किल्ली परत मागावी, तर हा माणूस घरी जाऊन आईला काय सांगणार? आणि न मागावी, तर माझं दुकान! शेवटी ठरवलं, आठ दिवस जाऊ द्यावेत. बोजवारा उडेल, तो स्वतःच किल्ली आणून देईल आणि मला वाईटपणा यायचा नाही. घरी ह्यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले. मग म्हणाले, "अगं, पण त्याला सरळ सांग ना." सरळ सांग म्हणे. माशाला म्हणावं, चालत ये.

बोजवारा काही उडेना. एक बाई चष्म्याची चौकट घालून आरशासमोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, "कशी दिसते?" काटकोन म्हणाला, "यात तुमचं नाक मोठं दिसतं. ती दुसरी साधी आहे, पण बरी दिसेल." मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्या बाई दुसरी चौकट घेऊन वर त्याचे आभार मानत होत्या. नव्या चष्म्यासाठी आलेल्या एका गृहस्थांना त्याने "तुमचा नंबर बदललेला नाही, काचा पुसत जा" असं सांगून परत पाठवलं. माझ्या जिवाची तगमग झाली, पण दुपारी तेच गृहस्थ बायकोला, मेव्हण्याला आणि मेव्हण्याच्या मुलीला घेऊन आले. मधूनमधून माझी गरज लागे. डोळे तपासायला मीच होते, आणि तेवढंच काम केलं तर पाठ दुखत नाही हेही मला या वयात कळलं.

गुरुवारी मी सहज म्हणून आजोबांचं कार्ड काढलं. नवीन भिंगं बसवून काटकोनाने चष्मा केव्हाच देऊन टाकला होता, पण मला ती चूक डोळे भरून पाहायची होती. म्हटलं, पुढेमागे उपयोगी पडेल. कार्डावर दोन रकाने असतात, उजवा आणि डावा. नंबर उलटे होते. उजव्याचे डाव्यात, डाव्याचे उजव्यात. आणि अक्षर माझं होतं.

काटकोनाने कार्डावर होतं तेच अगदी बिनचूक बसवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी दिली होती, तीही चार माणसांसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी मी ते कार्ड हळूच परत खणात सरकवलं, हेही सांगायला हवं. शुक्रवारी सांगू म्हटलं. शुक्रवारी गर्दी होती. गर्दी नसती तर दुसरं काही असतं.

शनिवारी भिंगवाला आला. काटकोनाला कोटात आणि मला खुर्चीत पाहून त्याने सगळी हकीकत विचारून घेतली. मी तोवर काळोख्या खोलीत जाऊन एका मुलीला अक्षरं वाचायला लावत होते. बाहेर भिंगवाला खो खो हसला आणि म्हणाला, "अहो, टोमणा होता तो! बाईंनी कुणाला सरळ काही दिलंय का कधी?" मुलीने विचारलं, "पुढची ओळ वाचू?" मी म्हटलं, "थांब जरा." मी बाहेर आले तोवर काटकोन पडद्यामागे गेला होता. कोट खुंटीला होता. संध्याकाळपर्यंत यंत्र नुसतं घरघरत राहिलं.

सातच्या सुमारास घरची बेल वाजली. दारात काटकोन, तळहातावर किल्ली.

"भिंगवाले म्हणाले तो टोमणा होता," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणालाही कळला असता, असं म्हणाले. मला नाही कळला. आईला अजून सांगितलं नाही. आज सांगेन. सोमवारपासून मी येणार नाही बाई, सगळे हसतील."

"ती खिशात ठेवा," मी म्हणाले. "दुकान तुम्हीच चालवा."

आणि माझं मलाच ऐकू आलं. तेच शब्द आणि तोच सूर. काटकोनाने माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, यंत्राखालच्या भिंगाकडे पाहतो तसं.

"हे खरं आहे की टोमणा?"

"खरं!" हेही टोमण्यासारखंच वाजलं. "अहो, अगदी खरं!" हे त्याहून वाईट. सहा वर्षं या एका माणसाने माझा प्रत्येक शब्द खरा मानला होता, आणि आज पहिल्यांदा मी खरं बोलत होते तर त्याचा विश्वास बसत नव्हता. आतून ह्यांचा आवाज आला, "तिचं खरं ओळखायला मला बारा वर्षं लागली हो. तुम्ही बसा, चहा घ्या."

काटकोन बसला नाही. त्याने किल्ली चपलांच्या कपाटावर ठेवली आणि तो वळला. आता हा गेला की गेलाच, हे मला दिसत होतं. मला रडूच यायला लागलं.

"कार्डावर नंबर मीच उलटे लिहिले होते," मी म्हणाले. "चूक माझी होती. तुम्ही बरोबर होतात आणि मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले. गुरुवारी कळलं मला, आणि तेव्हाही मी सांगितलं नाही. मला लाज वाटली."

हे कसं वाजलं ते मला माहीत नाही. ह्यांची कपबशी वाजायची थांबली एवढं कळलं.

"नंबर उलटे होते ते मला माहीत होतं," काटकोन म्हणाला. "नवीन बसवताना आजोबांच्या जुन्या चष्म्यावरून पाहिलं. कार्डावर होतं तेच बसवलंय, एवढंच त्या दिवशी सांगत होतो. तुम्ही म्हणालात, एक शब्द बोलू नका."

"मग नंतर तरी बोलायचं!"

"नंतर तुम्ही किल्ली दिलीत ना." तो जरा गोंधळला. "मला वाटलं, तुम्हाला आपली चूक कळली. म्हणून तुम्ही म्हणालात, मी घरी बसते. आईलाही मी तेच सांगितलं. म्हटलं, बाईंचं मन मोठं आहे, चूक झाली तर खुर्ची सोडली."

माझं मन मोठं! दुसरं कुणी असं म्हणालं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे उलट टोला दिला असता. पण हा माणूस पाच दिवस आपल्या आईसमोर आणि शेजारच्या काकूंसमोर माझी अशी तारीफ करत होता, आणि त्यातला शब्दन् शब्द त्याने मनापासून म्हटला होता. मी पदर डोळ्यांना लावला. लपवण्यात अर्थच नव्हता.

"तसंच आहे," मी म्हणाले. "चूक झाली, म्हणून किल्ली दिली. आईला सांगितलंत ते बदलू नका."

"खरं?"

"खरं."

मग त्याने कपाटावरची किल्ली उचलून खिशात टाकली आणि खिशावर हात दाबून पाहिला.

"सोमवारी साडेआठला उघडतो," तो म्हणाला. "तुम्ही दहाला या. डोळे तुम्हीच तपासा. पण कार्ड लिहून झालं की मला मोठ्याने वाचून दाखवायचं. उजवा आधी."

"जशी आज्ञा, मालक," मी म्हणाले. जित्याची खोड, काय करणार.

"बरं," काटकोन म्हणाला आणि जिना उतरून गेला.