सीताकुंडाखालची नीळ

वनजाबाई हरिकथेला उभ्या राहिल्या की लष्कर मोहल्ल्यातल्या विठ्ठलमंदिरात पाय ठेवायला जागा उरत नसे. सत्तरी जवळ आलेली, पण चिपळ्या हातात आल्या की आवाज असा लागायचा की चपला सांभाळणारासुद्धा उंबऱ्याशी येऊन बसायचा. त्यांची सगळ्यांत गाजलेली कथा म्हणजे सीताकुंडाची.

शहराबाहेर, एच. डी. कोटे गावाच्या वाटेवर, ओढ्याच्या काठाला, जमिनीत उतरलेले चार गोल हौद आहेत. वनवासात सीतामाई तिथं न्हाली, तिच्या अंगची हळद दगडाला लागली, म्हणून आतून ते पिवळे. ‘न्हाली गं न्हाली जानकी न्हाली’ हे पद बाईंनी उचललं की बायका डोळ्यांना पदर लावत. कथा कुठल्याही पुराणात नव्हती. ती बाईंनी स्वतः रचली होती, आणि हे त्यांच्या धाकट्या भावाला, शंभूरावांना, तेवढं ठाऊक होतं.

हौद रंगाऱ्यांचे होते. बाईंच्याच घराण्याचे. पणजोबांच्याही आधीपासून तिथं कापडावर नीळ चढत होती. आंबलेल्या निळीचा वास असा, की वाटेनं जाणारी माणसं नाकाला धोतराचा सोगा लावून जायची. बाईंच्या वडिलांचे, अप्पांचे, हात कोपरापर्यंत निळे. शाळेत पोरी विचारायच्या, “वनजा, तुझे अप्पा मेलेत का गं? हात मेलेल्या माणसाचे आहेत.” बाईंच्या लग्नात अप्पांनी कन्यादान केलं तेही उपरण्याखाली हात झाकून. पुढं धंदा बुडाला, अप्पा गेले, हौद ओस पडले. मग बाईंनी तिथं सीतेला आणून न्हाऊ घातलं. लबाडी म्हणून नव्हे हो. अप्पांच्या जागेला कुणी नाक मुरडू नये एवढ्याचसाठी. लोक खरोखर जाऊ लागले, दिवे लावू लागले. दोन वर्षांखाली वर्गणी काढून हौद आतून सिमेंटनं गुळगुळीत केले, कथेला शोभावं म्हणून वरून हळदीच्या रंगाचा ऑइलपेंट दिला.

आणि आता रस्ता चौपदरी व्हायचा होता. हौदांच्या कडेवर लाल खुणा पडल्या.

जुन्या वास्तूंची पाहणी करायला एक मुलगी आली. सुप्रीता तिचं नाव, शहरातल्याच विजयनगर भागातल्या मराठी घरातली, पुरातत्त्व शिकलेली. बाई आणि शंभूराव हौदांपाशी वाट बघत होते.

“मावशी, नोडी, हे बघा,” ती म्हणाली, “जुनं काही महत्त्वाचं असलं तर रस्ता थोडा वळवायला सांगता येतं. तेही नाही जमलं तर आधी नीट खणून, मापं घेऊन, मगच काम. तसा रूलच आहे. पण मला खरं कळायला पाहिजे. हे कुंडासारखं वाटत नाही मला. चारी एका लायनीत, ओढ्याला लागून. इथं काही काम चालायचं का? धुणं, रंगवणं?”

शंभूरावांनी बहिणीकडं पाहिलं. “अक्का, अप्पांचं सांग की.”

“तू सुम्ने बस, गप. तिला फ्लास्कमधला चहा दे.” बाई मुलीकडं वळल्या. “छे गं! काम कसलं? देवाची जागा ही.” आणि त्यांनी तिथंच, उन्हात, सीतेची कथा लावली. पदासकट.

सुप्रीता हात जोडून ऐकत राहिली. संपल्यावर तिनं खिशातून छोटी थापी काढली. “आतलं थोडं खरवडून बघू?”

“देवाच्या अंगाला लोखंड लावतेस? बेडम्मा, बेड. नको.”

मुलगी संस्कारांची. तिनं थापी परत खिशात ठेवली, फोटो काढले आणि गेली.

“देवाच्या नावापुढं रस्ता काय टिकतोय,” बाई म्हणाल्या. शंभूराव उरलेला चहा ओतून फ्लास्क धुवत बसले.

पंधरवड्यानं रस्त्याच्या कंपनीचा नरसिंहमूर्ती मंदिरात आला. हातात फळांचं ताट. कन्नडात, अगदी अदबीनं बोलला.

“अम्मा, त्या पाहणीचा रिपोर्ट आलाय. धार्मिक स्थळ, बांधकाम अलीकडचं, हलवण्यास हरकत नाही. काही काळजी करू नका. या रस्त्यावर आम्ही मारम्मा देवी हलवली, दोन हनुमंत हलवले. एकानंही तक्रार केली नाही.” तो स्वतःच हसला. “तुम्हाला पुढं नवं कुंड बांधलंय. टाइल्स, लाइट, वर पत्रा. कलश घेऊन यायचा, पूजा करायची, झालं.”

मंदिराच्या विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या. एकानं तर तिथल्या तिथं संमतीच्या कागदावर सही ठोकली. सीता हौदांना राखील असं बाईंनी धरलं होतं. सीता कलशात बसून निघायला तयार होती.

घरी जाताना शंभूराव इतकंच म्हणाले, “सीतामाईला हलवतील अक्का. अप्पांना कशात घालून नेणार?”

रात्रभर बाईंचा डोळा लागला नाही. सकाळी त्या भावाला घेऊन विजयनगरला सुप्रीताच्या दारात उभ्या राहिल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, “मी खोटं सांगितलं. ते निळीचे हौद आहेत. माझ्या बापाचे.”

“मी विचारलं होतं ना मावशी? रंगाचंच विचारलं होतं.”

“विचारलं होतंस.”

“मग?”

“लाज वाटली गं.”

तिनं रस्त्याच्या कंपनीला फोन लावला, कुणी उचलला नाही. मग चप्पल घालता घालताच ती गाडीची किल्ली शोधू लागली.

ते पोहोचले तेव्हा कलश हलून गेला होता. विश्वस्तांनी बाईंना न विचारताच मुहूर्त त्याच पहाटेचा धरला होता. यंत्रानं तीन हौद फोडून ओढ्यात लोटले होते, चौथ्याला दात लागलेला. सुप्रीता हात वर करून धावत सुटली. ड्रायव्हरनं यंत्र थांबवलं.

चौथ्या हौदाचं पिवळं सिमेंट सालीसारखं सुटून पडलं होतं आणि खाली निळं होतं. चुन्याचा थर, त्यावर निळीचा, पुन्हा चुना, पुन्हा नीळ. किती पिढ्यांनी तो हौद घासून, लिंपून पुन्हा भरला होता. सुप्रीता गुडघ्यावर बसली. “अय्यो मावशी... हेच. हेच मी शोधत होते. अख्खे चार असते तर रस्ता वळवायला भांडले असते मी.” तिनं एक खपली पिशवीत घातली, फोटो काढू लागली. नरसिंहमूर्ती आला, सही केलेला कागद दाखवला, दोघांची बाचाबाची झाली, त्यानं कुणाला तरी फोन लावला. मग सौजन्यानं म्हणाला, “मॅडम, रिपोर्ट तुमचाच आहे.”

यंत्र पुन्हा सुरू झालं.

बाई खाली वाकल्या. ओल्या मातीतला निळीचा एक तुकडा उचलला, मुठीत धरला.

पुढं हाकेवर नव्या कुंडापाशी लाउडस्पीकर बोलावत होता. माणसं सतरंजीवर बसली होती. विश्वस्तांनी बाईंच्या गळ्यात हार घातला, हातात चिपळ्या दिल्या. “अम्मा, न्हाली गं न्हाली!”

बाईंनी नमन केलं. चिपळ्यांवर निळी बोटं उमटली. पुढच्या बायका बघू लागल्या. पदराखाली हात घ्यावेत असं बाईंना वाटलं, अप्पांसारखं. त्यांनी घेतले नाहीत.

“इथं सीतामाई आली नव्हती,” त्या म्हणाल्या. “तिथंही नव्हती. तिथं माझे अप्पा यायचे. पांढरं कापड हौदात बुडवायचे. बाहेर काढलं की ते हिरवं असायचं हो, पोपटासारखं. अप्पा ते वाऱ्यावर धरायचे आणि म्हणायचे, वनजे, आता बघ. आणि आमच्या डोळ्यांदेखत ते निळं व्हायचं. ही कथा मी कधी सांगितली नाही. मला...”

माइक बंद पडला. “अम्मा दमल्या आहेत,” नरसिंहमूर्ती हसून म्हणाला, आणि लाउडस्पीकरवर भजनाची कॅसेट लागली. माणसं उठून प्रसादाच्या रांगेत गेली. सतरंजीवर शंभूराव एकटे उरले. ते टाळ धरून बसले होते, पुढं ऐकायला.

बाईंनी बोलायला तोंड उघडलं. मागं चौथा हौद ओढ्यात गेला, त्याचा आवाज आला, आणि काय सांगायचं होतं ते त्यांना आठवेना.