तिच्या चाकाखाली लिंबू, माझ्या चाकाखाली दगड

मी म्हातारी पिकअप बोलतेय. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. माझ्या पोटात राग आहे आणि तो डिझेलच्याही आधी पेटतो.

माझं पहिलं घर झरी जामणीकडचं. मालक मारोतराव, कापूस आणि तूर पिकवणारे. मला अंगणात आणलं त्या दिवशी तानाबाईंनी बॉनेटवर कुंकवाची बोटं ओढली आणि म्हणाल्या, "सून म्हणून आली, आता घरची होऊन राह्य." मी राहिले. कापूस वणीला नेला, लग्नाची वऱ्हाडं नेली, साप चावलेली माणसं दवाखान्यात नेली. वाटेत कधी कुणाला उतरवून दिलं नाही.

मारोतरावांना एक खोड होती. जे आपलं, त्यावर तांबड्या ऑइलपेंटनं 'मा' लिहायचं. बादली, फावडं, फवारणीचा पंप, काही सुटलं नाही. माझ्या चारही टायरांवर 'मा', बॅटरीवर 'मा', दारावर तर अख्खं नाव.

"माह्या कपायावर बी लिहून टाका एकदाचं," तानाबाई चिडवायच्या.

"तुले कोन चोरून नेते?" मारोतराव ब्रश न थांबवता विचारायचे.

मग त्यांचे डोळे गेले. समोरची बैलगाडी दिसेना, तेव्हा त्यांनी मला पुसदला जुन्या गाड्या विकणाऱ्या संजयकडे आणून दिलं. तानाबाई माझ्या दाराला धरून उभ्या होत्या. "चांगल्या घरी दे रे बाबा," एवढंच म्हणाल्या.

"काकू, लेकीसारखी सांभाळतो," संजय म्हणाला.

त्यांची बस वळणाआड गेली नाही तोच संजयचे पाने-स्क्रूड्रायव्हर निघाले. माझे टायर काढले, बॅटरी काढली, हॉर्न काढला, हँडब्रेकची वायरसुद्धा ओढून घेतली. सगळं शेजारच्या नव्या पिकअपला चढवलं आणि मला तिचे घोटून गुळगुळीत झालेले टायर दिले.

ती वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान. राजूरकडे कोळसा वाहून वाहून तिची पाठ मोडली होती. चेसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, तडा गेला होता. संजयनं तिथं कसंबसं वेल्डिंग मारलं, वाकलेल्या पत्र्यावर पुटी थापली आणि वरून चकचकीत पांढरा रंग फवारला. तिचा मला राग नाही. तिला कुणी विचारलं होतं? पण गिऱ्हाईक तिचा हॉर्न दाबायचं आणि तिच्या तोंडून माझा आवाज निघायचा, तेव्हा माझा पत्रा न् पत्रा थरथरायचा.

मला हँडब्रेक नव्हता आणि जागा उतरती. म्हणून संजयनं मला वरच्या अंगाला उभं केलं आणि पुढच्या चाकाखाली एक काळा दगड सरकवला. उताराला, अगदी माझ्या नाकासमोर, ती नवी आडवी उभी. रोज तिच्या अंगावर माझ्या वस्तू बघायच्या आणि जागचं हलायचं नाही. गाडी शपथ घेऊन घेऊन काय करणार? तरी मी घेतली. ह्या माणसाला मी सोडणार नाही.

गिऱ्हाइकं येत होती. माणसांची गाडी पाहायची रीत मी तिथं शिकले. दारावर टिचकी मारतात, आरशात केस नीट करतात, सीटवर बसून गाणी लावतात. खाली वाकून कुणी बघत नाही. जिच्यात आपली लेकरं बसवायची तिच्या पोटाखाली एकदा डोकावायला यांच्या कमरेला काय होतं?

एका बाजाराच्या दिवशी हिरासिंगचं कुटुंब आलं. घाटापलीकडच्या तांड्यातलं. हिरासिंग, त्याची बायको हंसाबाई, मुलगा बादल आणि बादलची बायको रंजिता. रंजिताला सातवा महिना होता. तांड्यावर एसटी येत नाही. मोठ्या सुनेच्या बाळंतपणाच्या वेळी मागून आणलेली गाडी घाटात बंद पडली होती आणि ते मूल वाचलं नव्हतं. हे मला हंसाबाईच्या तोंडून कळलं, कारण तिनं आल्या आल्या संजयला हे सगळं सांगून बजावलं, "शेट, सोयाबीन तं कशातबी जाते. घाटात दगा देनारी गाडी मले नको. ही पोरगी बसनार हाय तिच्यात."

"मावशी, मंग ही घ्या ना!" संजयनं नवीच्या बॉनेटवर थाप मारली. "पोटातलं पानी हलनार नाई."

बादल तर आधीच आत बसून डॅशबोर्डवरच्या पडद्यावर बोटं फिरवत होता. "याडी, मागचं बी दिसते यात!" त्यानं आईला हाक मारली.

"आन् ते वरची?" हिरासिंगनं माझ्याकडे मान केली.

"ते? भंगार हाय, काका. सुरूच नाई होत."

सुरू कशी होणार? माझी बॅटरी कुठे होती ते त्याला विचारा!

रंजिता मात्र माझ्या सावलीला येऊन टेकली. उन्हानं दमली होती. तिनं माझ्या दारावरचं नाव बोटानं गिरवलं. तानाबाईंनंतर मला कुणी असा हात लावला नव्हता. संजयनं तिचं पोट पाहिलं होतं, घाटातली गोष्ट ऐकली होती, वेल्डिंग कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी तो हसत होता. तेव्हा माझा राग माझ्यापुरता उरला नाही.

पण सौदा ठरला. नवीचा. संजय चहा सांगायला आत गेला. हंसाबाईनं पिशवीतून हळद, कुंकू, नारळ काढला आणि नवीच्या चाकांखाली लिंबं ठेवली. तिला लिंबं आणि मला दगड! बादलनं रंजिताला हाक मारून पूजेला बोलावलं. ती माझ्यापासून दूर झाली.

"नारळ कायच्यावर फोडू?" हंसाबाईनं इकडेतिकडे पाहिलं.

"दगड पाह्य ना कुठं," हिरासिंग म्हणाला.

ती माझ्याकडे आली. बाजूला उभी राहून तिनं टाचेनं दोनदा दगड हाणला, तो निसटला तसा उचलला आणि निघाली.

तांड्यातली माणसं गाडी काढताना म्हणतात तसं, जय सेवालाल! मला ब्रेक नव्हता, बॅटरी नव्हती, आवाज नव्हता. उतार होता.

"अरे गाडी! बाजू व्हा!" बादल ओरडला आणि रंजिताला ओढून मागे सरला.

मारोतरावांनी माझ्या तोंडाला जाड पाइपचं गार्ड वेल्ड करून घेतलं होतं. तेवढं संजयला काढता आलं नव्हतं. ते मी नवीच्या कुशीत, केबिन आणि मागचा माल भरायचा डाला जुळतात तिथं, धाडकन घातलं. पुटीची ढलपी भाकरीच्या पापुद्र्यासारखी गळून पडली. आत सगळा तांबडा गंज.

संजय धावत आला. "तुमच्या बाईनं दगड काढला! नव्या गाडीची वाट लावली!"

 ज्याला मघापासून पडदाच दिसत होता, तो बादल जमिनीवर आडवा झाला आणि नवीच्या खाली सरकला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "बापू, चेसी जोडलेली हाय. जोड उकलून राह्यला."

"धक्क्यानं झालं ते!"

"भाऊ, गंज बी धक्क्यानं येते काय?"

बाजारातली माणसं जमली. पानठेल्यावरचा एकजण खिदळला. तेवढ्यात रंजिता सासऱ्याला हळूच म्हणाली, "मामाजी, त्या म्हातारीच्या दारावर मारोतराव लिवलं हाय. आन् हिच्या टायरवर 'मा' काहून हाय?"

हिरासिंग नवीची चारही चाकं पाहत फिरून आला. बॉनेट उघडून बॅटरी पाहिली. मग संजयच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. "पाना आन. हिचं जे जे काढलं, ते आमच्यापुढं हिले परत लाव. मंग पाहू कोन भंगार हाय ते."

जमलेल्या गर्दीपुढे संजयला पाना आणावाच लागला. भर उन्हात, गुडघे टेकून, त्यानं स्वतःच्या हातानं माझा एकेक टायर मला परत चढवला. घाम त्याच्या नाकावरून माझ्या चाकावर ठिबकत होता. मला दया आली का? नाही. मी मोजून घेतलं. हॉर्न, हँडब्रेकची वायर, बॅटरी लागली, बादलनं किल्ली फिरवली आणि मी पहिल्या फटक्यात बोलले. आधी बादल माझ्याही खाली सरकून, हात फिरवून आला, मगच हिरासिंगनं माझ्या सौद्याला मान डोलावली.

नारळ त्याच काळ्या दगडावर फुटला. हंसाबाईनं दगड माझ्या डाल्यात टाकला. "हा बी आपलाच."

पुढं एका पहाटे रंजिताला कळा सुरू झाल्या. घाट मी एका दमात चढले. पोरगी दवाखान्यात जन्मली, रस्त्यात नाही.

आता माझं दार करकरतं, रंग उडालाय, पण दर बाजाराला मी पुसदला जाते. संजयची जागा वाटेतच लागते. त्यानं नवीला पुन्हा पुटी भरली, पुन्हा रंगवलं. मी दिलेला पोचा शोधून सापडणार नाही. म्हणून माझा सूड अजून संपलेला नाही.

परवा तिथं एक बाई नवीच्या चाकांखाली लिंबं ठेवत होती. शेजारी तिची दोन पोरं. बादलनं मला हळू केलं. रंजिता मांडीवरच्या लेकीला सावरत पुढं झुकली आणि तिनं माझा हॉर्न दाबला, ती सोडेचना. संजयनं मान वर केली, मला ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला. त्या बाईनंही वळून बघितलं.

बाई, नारळ पिशवीतच राहू द्या. आधी खाली वाका.