मांडीवरची गिटार

चंदू नाखवा दोन वर्षं मांडीवर बंद गिटार घेऊन स्टेजवर बसत होता आणि ऑर्केस्ट्रा नि घर सोडलं तर हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

गिटार दिसायलाच वेगळी होती. सबंध ॲल्युमिनियमची, ओतीव, वाटोळं छोटं अंग आणि लांब दांडा. ठाण्याजवळ बाळकुमला त्याच्या घरी सगळे तिला तवाच म्हणत. उभं राहून गळ्यात अडकवायची ही गिटार नव्हे. ती मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. तारांवर घोड्याच्या नालासारखी दोन चुंबकं होती, त्यांच्याखाली तांब्याच्या बारीक तारेची कॉइल. ती कॉइल ब्याण्णव साली गेली. ठाण्यातल्या दुरुस्तीवाल्याने मीटर लावून पाहिला, काटा जागचा हलला नाही. "आतून खाल्लीय," तो म्हणाला. "खाडीची हवा. अशी कॉइल आता कुठे मिळणार?"

ऑर्केस्ट्रा सुधीरचा. त्याने त्याच सुमारास मोठा कीबोर्ड घेतला होता. त्यात एक बटन दाबलं की हवाइयन गिटार वाजायची. सुधीर वाईट माणूस नव्हता. पंधरा वर्षं बरोबर असलेल्या माणसाला जा म्हणणं त्याला जमलं नाही. तो म्हणाला, "काका, तुम्ही बसत जा ना. लोकांना ती चमकणारी गिटार बघायची असते. आवाज काय, मागून येईल."

मग चंदू बसू लागला. गाणं सुरू झालं की कांडी सरकवायची, बोटं हलवायची, मधूनच डोळे मिटायचे. पहिले काही कार्यक्रम लाज वाटली, नंतर नुसताच थकवा येऊ लागला. खरं वाजवून तो कधी एवढा दमला नव्हता.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत डोंबिवलीला एका हाउसिंग सोसायटीचा रौप्यमहोत्सव होता. कार्यक्रम संपल्यावर चंदू गिटार पेटीत ठेवत असताना एक सत्तरीचे गृहस्थ मुलीच्या आधाराने स्टेजपाशी आले.

"तुम्ही चंदू नाखवा ना? मी त्र्यंबक दातार. एकोणऐंशी साली कल्याणला तुम्हाला ऐकलं होतं. त्यानंतर आजच. पण आवाज अजून तसाच आहे हो तुमचा. तसूभर फरक नाही."

चंदूने हात जोडले. म्हातारा खरोखर खूश होता, त्याचे डोळे पाणावले होते.

मुलगी मात्र वडिलांकडे बघत नव्हती. ती गिटारकडे बघत होती. चाळिशीची, सडपातळ, एक खांदा थोडा खाली आलेला. "अण्णा, तुम्ही दाराशी खुर्चीवर बसा, मी आलेच," ती म्हणाली. ते गेल्यावर तिने हळू आवाजात विचारलं, "हिला वायर लावलेलीच नव्हती ना?"

"नाय," चंदू म्हणाला.

"बिघडलीय?"

"कॉइल गेली ताई. दोन वर्षं झाली."

तिने वाकून चुंबकांच्या मधून आत पाहिलं. मग पर्समधून कागद काढून पत्ता लिहिला. "मी हेमा. एमआयडीसीत रिलेच्या, म्हणजे विजेच्या स्विचांच्या, कॉइली गुंडाळते, बावीस वर्षं झाली. रविवारी दुपारी कोपरला या. अण्णांना यातलं काही बोलू नका."

चंदूने कागद खिशात ठेवला. घरी बायकोला, आवडाबाईला, सांगितलं तेव्हा ती भात वाढता वाढता म्हणाली, "आता कनाला रं ती नीट कराची? सुधीर तुला बसाला बोलवतो, तेवरा बरा हाय." चंदूच्या मनातून म्हाताऱ्याचे डोळे जात नव्हते.

रविवारी तो कोपरला गेला. दोन खोल्यांचा ब्लॉक, खिडकीपाशी टेबल, टेबलावर वाइंडिंगचं हातमशीन आणि फेरे मोजणारा काटा. फावल्या वेळात हेमा घरीही एका दुकानाला पंख्यांच्या, ट्यूबलाइटच्या चोकच्या कॉइली करून द्यायची. अण्णांना तिने सांगितलं होतं की नाखवांच्या गिटारची सर्व्हिसिंग करायची आहे. अण्णा खुर्ची ओढून जवळच बसले.

हेमाने स्क्रू सोडवले, चुंबकं बाजूला केली आणि कॉइल तळहातावर घेतली. वरचं कापड काढल्यावर आतली तार दिसली. जागोजाग हिरवी पडली होती. "किती जुनी आहे ही?"

चंदूने मग मास्तरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. मास्तर म्हणजे ठाण्याचे डिमेलो. मुंबईच्या हॉटेलांत बँडमध्ये वाजवायचे. चंदू तरुणपणी त्यांच्याकडे मासळी द्यायला जायचा. एकदा पायरीवर बसून दोन तास ऐकत राहिला आणि टोपलीतली कोळंबी खराब झाली. तेव्हापासून मास्तर त्याला शिकवू लागले.

"मास्तर सांगायचे, अमेरिकेत तेव्हा हवाई बेटांवरच्या गाण्यांची लाट आलेली. सगळे ही गिटार मांडीवर घेऊन बसायचे. पण बँडमध्ये पितळी वाद्यं, ड्रम. त्यात लाकडी गिटार कुणाला ऐकूच जायची नाय. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, तारांना चुंबक नि कॉइल लावू, आवाज स्पीकरच्या पेटीतून काढू. आवाज पेटीतून आला, मग लाकडाचं पोकळ अंग कशाला हवं? म्हणून ही अशी तव्यासारखी. एकोणीसशे बत्तीसच्या आसपासची गोष्ट. मास्तर बोलायचे, विजेच्या गिटारींत ही पहिल्या पिढीची. ती गळ्यात घालून नाचतात ना, ती हिच्या नंतर आली."

"आणि मास्तरांकडे कशी आली?" अण्णांनी विचारलं.

"हॉटेलात एक परदेशी वाजवणारा होता. लढाईच्या आधी निघून गेला, जाताना मास्तरांना देऊन गेला. मास्तरांची बोटं आखडली तेव्हा त्यांनी एक दिवस ती माझ्या मांडीवर ठेवली. बोलले, आता घरी घेऊन जा. मी बावीस वर्षांचा होतो."

हेमा तोवर जुनी तार उलट्या दिशेने सोडवत होती. तार दर थोड्या वेळाने तुटत होती. तुटली की ती काट्यावरचा आकडा कागदावर टिपायची आणि पुढचं टोक शोधायची. घाई नव्हती, कंटाळाही दिसत नव्हता. फक्त अधूनमधून ती उजवा खांदा डाव्या हाताने दाबायची.

या कामात तीन रविवार गेले. पहिली नवी कॉइल अर्ध्यावर तुटली. दुसरी पुरी झाली, पण चुंबकांखाली बसेना. तेव्हा हेमा पहिल्यांदा टेबलावर डोकं टेकून बसली.

"राहू दे ताई," चंदू म्हणाला. "आठवडाभर तेच काम करता. रविवारी परत माझ्यासाठी नको."

ती डोकं न उचलता बोलली. "नाखवा, बावीस वर्षांत मी किती कॉइली केल्या असतील? कंपनीत खोक्यात भरतात आणि टेम्पो घेऊन जातो. कुठे जातात, कशात बसतात, मला माहीत नाही. माझी एकही कॉइल मी चालताना पाहिली नाही. ही मला ऐकायचीय." मग ती उठली, तोंड धुऊन आली आणि तिसरी सुरू केली.

तिसरी बसली. वितळलेल्या मेणात बुडवून, सुकवून तिने ती जागेवर लावली. मीटरचा काटा हलला.

वाजवायला स्पीकरची पेटी नव्हती. अण्णांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता, मागे रेकॉर्डप्लेअर जोडायची दोन भोकं असलेला. चंदूने वायर सोलून त्यात खुपसली. रेडिओ तापायला मिनिटभर लागला. आधी नुसती घरघर आली. चंदूने नख्या घातल्या, सूर लावले, कांडी टेकवली आणि एक तार छेडून कांडी हळूच वर सरकवली.

घरघरीतून वाट काढत तो सूर बाहेर आला. दोन वर्षं चंदूने तो ऐकला नव्हता. कीबोर्डातला आवाज स्वच्छ होता, पण तो एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारायचा. हा सूर मधली सगळी जागा चालत जात होता, थोडा थरथरत. चंदूने कोळ्यांच्या लग्नातलं एक जुनं गाणं वाजवलं. दोन ठिकाणी चुकला. हात जड झाले होते.

अण्णा म्हणाले, "त्या दिवशी हॉलमध्ये आवाज जरा निराळा वाटला होता. हा खरा." त्यांना किती समजलं होतं हे चंदूला कधीच कळलं नाही.

हेमा रेडिओजवळ उभी होती, हात त्याच्या लाकडावर ठेवून. "ही माझी कॉइल?"

"तुमचीच."

"परत वाजवा," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये कल्याणला मैदानावर कार्यक्रम होता. चंदूने सुधीरला गाठलं. "आज मी खरा वाजवणार."

सुधीरने कपाळ चोळलं. तो सकाळपासून साउंडवाल्याशी भांडत होता. "काका, कशाला? सगळं सेट आहे."

"एक गाणं दे. बाकी बसतो."

"हिच्यातून घूं असा आवाज येतो काका. आता लोकांच्या घरी सीडी आलीय. त्यांना ते चालत नाही."

"एकच."

सुधीरने एक गाणं दिलं. ते सातवं होतं. तोवर चंदू नेहमीसारखा नुसता बसून राहिला आणि डोक्यावरच्या लाइटांनी गिटार तापली. ॲल्युमिनियम तापलं की पसरतं, तारा ताणल्या जाऊन सूर चढतात. पूर्वी हे त्याच्या अंगात भिनलं होतं. प्रत्येक गाण्याआधी तो कान लावून सूर उतरवून घ्यायचा. दोन वर्षांत ती सवय मोडली होती. गाणं सुरू झालं, त्याने पहिली ओळ घेतली आणि लक्षात आलं, आपण वर आहोत. त्याने कांडी मागे सरकवून सूर सांभाळला. गायिकेने एकदा वळून पाहिलं. दुसऱ्या ओळीला सगळं जुळलं आणि चार-पाच ओळी तो चांगला वाजवत होता, हे त्याला स्वतःला कळत होतं.

मग त्याच्या समोरच्या स्पीकरमधून त्याचाच आवाज नाहीसा झाला. कीबोर्डातली गिटार वाजू लागली होती. चंदूने मान वळवून पाहिलं. साउंडवाल्याने सुधीरच्या खुणेवरून त्याची वायर काढली होती. चंदू थांबला नाही. गाणं संपेपर्यंत वाजवत राहिला, फक्त आता ते कुणाला ऐकू जात नव्हतं. टाळ्या पडल्या.

कार्यक्रमानंतर त्याने गिटार पुसून पेटीत ठेवली. सुधीर जवळ आला. "काका, रागावू नका. घूं येत होता."

"रागावलो नाय. तुझा बरोबर हाय."

"मग पुढच्या शनिवारी—"

"आता नाय येनार सुधीर. वाजवायला नको असेल तर चालतं. पण नुसता बसाचा आता होत नाय मना."

सुधीरच्या चेहऱ्यावर सुटका होती आणि वाईटही वाटत होतं. त्याने पेटी उचलली आणि रिक्षापर्यंत स्वतः नेऊन ठेवली.

बाळकुमला शेतांच्या जागी इमारती उठत होत्या. त्यातल्या एका सोसायटीत चंदूला पाण्याचा पंप चालू-बंद करायचं काम मिळालं. चार दिवसांनी आवडाबाई एवढंच म्हणाली, "रातचा घरान जेवतंस तं बरा वाटतं."

मे महिन्यात तो कोपरला गेला. हेमाने दार उघडताच विचारलं, "कशी वाजली?"

चंदूने पायरीवर उभ्यानेच सगळं सांगितलं. चढलेले सूर, सावरलेल्या चार-पाच ओळी, मग काढलेली वायर. "कॉइलचा दोष नव्हता ताई. कॉइल शेवटपर्यंत चालू होती."

ती दाराच्या कडीशी चाळा करत म्हणाली, "म्हणजे चार-पाच ओळी लोकांनी ऐकल्या."

"ऐकल्या."

"आत या," ती म्हणाली.

मग दर पंधरवड्याला तो जाऊ लागला. अण्णा फर्माईश करायचे, तो आठवेल ते वाजवायचा. हेमाच्या कंपनीत त्या पावसाळ्यात माणसं कमी केली आणि उरलेल्यांवर काम वाढलं. रविवारीही तिला अर्धा दिवस जावं लागे. एका दुपारी ती जेवण करून खुर्चीत बसली आणि दुसऱ्याच गाण्याला तिची मान कलली. हात मांडीवर उघडे पडले होते, बोटांच्या टोकांना तारेचे बारीक चरे होते.

"उठवू का तिला?" अण्णांनी विचारलं. "तुम्ही एवढे लांबून आलात."

"नको अण्णा, झोपू द्या."

अण्णा चहा टाकायला आत गेले. चंदूने रेडिओचा आवाज थोडा कमी केला, ते गाणं पुरं केलं आणि न थांबता पुढचं सुरू केलं.