देव्हाऱ्यातली चप्पल

मी एक जुनी चप्पल आहे. खरे म्हणजे आम्ही दोघी आहोत, पण उजवी पहिल्यापासून अबोल, म्हणून बोलायचे काम माझ्या, म्हणजे डावीच्या गळ्यात पडले. मित्रांनो, चपलेने काय सांगायचे आणि तुम्ही काय ऐकायचे, असे तुम्हाला वाटेल. पण मी सव्वादोन महिने देव्हाऱ्यात बसून आलेली चप्पल आहे. असा मान तुमच्या पाहण्यातल्या किती चपलांना मिळाला आहे?

आम्हाला एका निवृत्त पोस्टमनसाठी बनवले गेले. तीस वर्षे पत्रे वाटून त्यांचे पाय थकले होते आणि त्यात मधुमेहाने तळव्यांची जाणीव गेली होती. खडा टोचला तरी त्यांना कळत नसे. डॉक्टरांनी बजावले होते, की बाजारातली साधी चप्पल घालाल तर एक दिवस पाय गमावून बसाल. मग चपला शिवणाऱ्या काकांनी त्यांचे दोन्ही पाय कागदावर आखून घेतले. तळाला मऊ रबराचे दोन थर दिले आणि माझ्या करंगळीच्या बाजूला जास्तीची जागा सोडली, कारण तिथे त्यांचे हाड बाहेर आले होते. दिसायला आम्ही बेढब झालो. पण चार वर्षांत त्या पायांना आम्ही एक ओरखडाही येऊ दिला नाही.

हे पोस्टमन काही जणांचे गुरू होते. मठ नाही, गादी नाही; दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि विटलेली सतरंजी. संध्याकाळी चार-पाच माणसे येत आणि डोळे मिटून नामस्मरण करत. त्यांतला शिंपी त्यांचा फार लाडका. तो पहिल्यांदा आला तो शिवलेला शर्ट द्यायला. स्वभावाने जमदग्नी! गिऱ्हाईक जरा काही बोलले, की हा कात्री फेकून मोकळा. गुरूंनी त्याला दोन वर्षे नुसते गप्प बसायला शिकवले आणि मग कानात मंत्र दिला. मी दाराबाहेर होते, म्हणून तो मला ऐकू आला नाही. आला असता तरी मी सांगितला नसता. शिंपी मात्र बदलला. त्याची बायको शेजारणींना सांगायची, "पूर्वी आमच्याकडे कात्री उडायची. आता कात्री जागेवर असते आणि माणूसही."

एके दिवशी माझा पट्टा उसवला. शिंपी म्हणाला, "गुरुजी, मी घरी नेऊन शिवून आणतो." त्याने टाके अगदी सुरेख घातले. पण शेवटची गाठ मारताना त्याचे डोळे भरून आले.

"अगं, ऐकलंस का? गुरूंच्या पादुका आपल्या घरी आल्यात!"

"आल्यात कसल्या? दुरुस्तीला आणल्यात तुम्ही. उद्या देऊन टाका," बायको म्हणाली.

त्याने ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून चकचकीत, महागडी चप्पल आणून गुरूंना दिली आणि आम्हाला लाल कापडावर देव्हाऱ्यात बसवले. गुरूंनी नवी चप्पल मुकाट्याने पायात घातली.

खोटे कशाला बोलू, मी शेफारले. काल दारात होते आणि आज देवांच्या पंगतीत! रोज फूल, रोज गंध, रोज पळीभर पाणी. उजवी काही म्हणाली नाही. पण चामड्याला पूजा सोसत नाही. महिन्याभरात मी फुगले, आणि मऊ रबराला बुरशी धरली.

मग गुरूंचा पाय दुखावल्याची बातमी आली. ते खाली उतरेनासे झाले, पायांवर शाल घेऊन बसू लागले. शिंपी घरी येऊन आमच्यापुढे डोके टेकायचा आणि म्हणायचा, "गुरुजींचा पाय बरा होऊ दे." तो हे मागत होता कोणाकडे, तर आमच्याकडे! अरे बाबा, मला उचल, दोन जिने चढ आणि त्यांच्या पायात घाल, असे मी मनात किती ओरडले. तेव्हा माझा सगळा ताठा उतरला. मला रडता येत असते तर मी रडले असते.

एका सकाळी शिंप्याची बायको गुरूंना डबा द्यायला गेली, तेव्हा नर्स पट्टी बदलत होती. बायको घरी आली ती थेट देव्हाऱ्यापाशी, आणि तिने आम्हाला उचलले.

"अगं, हे काय करतेस?" शिंपी ओरडला.

"त्यांची करंगळी काळी पडलीय. उद्या कापणार आहेत. नवी चप्पल आतून रक्तानं माखलीय. जुनी कुठे गेली म्हणून नर्स विचारत होती. ती आमच्या देव्हाऱ्यात आहे, हे कोणत्या तोंडानं सांगू तिला?"

शिंपी आम्हाला छातीशी धरून धावत गेला. खोलीच्या दारातच खाली बसला.

"गुरुजी, तुम्ही मागितल्या का नाहीत?"

गुरूंनी पायांवरची शाल सारखी केली. मग म्हणाले, "मागणार होतो. रक्त दिसलं तेव्हाच म्हटलं, उद्या सांगू. पण रोज तू यायचास, पादुकांना फूल वाहिलं म्हणून सांगायचास. मला ते आवडायला लागलं रे. इतक्या वर्षांची साधना, आणि मी एका फुलाला भुललो. तुला कळलं नाही म्हणून तू चुकलास. मला कळत होतं, तरी मी गप्प बसलो."

शिंपी हुंदके देऊ लागला.

"रडू नकोस. डावी आधीच ओली आहे," गुरू म्हणाले.

करंगळी गेली. पाय वाचला. शिंप्याने आम्हाला वाळवले आणि काकांकडून नवे रबर घालून घेतले. काकांनी त्याला शेलक्या शब्दांत झापले, ते मी इथे सांगत नाही. दीड महिन्याने गुरू उठून उभे राहिले, तेव्हा शिंप्याने खाली बसून आम्हाला त्यांच्या पायांत घातले. गुरू आमच्यासह व्हरांड्यात हळूहळू चालू लागले. शिंपी मान खाली घालून शेजारी चालत होता.

"पुढे बघ. माझ्या पायांकडे नको," गुरू म्हणाले.

"नाही गुरुजी. मी पायांकडेच बघणार."

गुरूंची आज्ञा त्याने पहिल्यांदाच मोडली, आणि गुरूंनी त्याला ती मोडू दिली.

मित्रांनो, ज्यांना तुम्ही मोठे मानता त्यांना हात जरूर जोडा. पण कधीतरी खाली वाकून त्यांचे पाय नीट बघा. नमस्कारासाठी नव्हे. कुठे लागले आहे का, ते बघायला.