पौर्णिमेचे शंभर फेरे

मित्रांनो, मी एक जुना जेवणाचा डबा आहे. पण माझ्यात भाजी-पोळी नाही, वीज असते. भिलाईच्या पोलाद कारखान्यातले फिटर देवाजी मला तीस वर्षं ड्यूटीवर नेत. निवृत्तीनंतर त्यांनी माझ्या पोटात लहानसा डायनॅमो आणि बॅटरी बसवली, बाहेर सागाच्या मुठीचा दांडा लावला. दांडा फिरवला की लाल दिवा लागे, बॅटरी भरे आणि तिच्यावर मोबाइल चार्ज होई.

शेजारच्या शकुबाई हसल्या. "देवाजीभाऊ, जन्मभर प्लांटात खपले, आता डब्यातून वीज पिळून राहिले का?"

पुढे वादळात आमच्या कुरुद वस्तीची वीज दोन दिवस गेली, तेव्हा मोबाइल घेऊन सगळ्यांच्या आधी शकुबाईच दारात उभ्या होत्या. आळीपाळीने साऱ्या गल्लीने मला फिरवलं. तेवढं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही.

दर पौर्णिमेला विहारातून वंदना करून आले की देवाजी मला शंभर फेरे देत. नात साक्षी मोजायची. "पडून राहिली तं बॅटरी मरते, पोरी," ते सांगत.

देवाजी गेले. पत्नी पंचफुलाबाईंनी मला त्यांच्या फोटोखाली ठेवलं. मुठीवर त्यांच्या तळहाताने झिजलेली खूण होती. पौर्णिमेला साक्षीने दांडा धरला, तर पंचफुलाबाई म्हणाल्या, "हात नोको लावू. तुह्या आबाचा हात हाय त्याच्यावर."

डब्याला तोंड असलं तरी वाचा नसते. तीन वर्षं मी फुलं सोसली.

यंदा वैशाखात झाड तारांवर पडलं. वीज आदल्या दिवसापासून नव्हती, घरातला आणि शकुबाईंचाही मोबाइल बंद. भरदुपारी पंचफुलाबाईंचा दमा उसळला. घरात एकटी साक्षी. त्या धापा टाकत म्हणाल्या, "फिरव, पोरी. आता तुहा हात लागू दे."

तळहात सोलेपर्यंत तिने फिरवलं. माझा लाल दिवा लागला नाही. बॅटरी केव्हाच मेली होती. शेवटी ती मोठ्या रस्त्यापर्यंत धावली, कुणाच्या तरी मोबाइलवरून दवाखान्याची गाडी बोलावली. गाडी आली तेव्हा पंचफुलाबाई फोटोकडे तोंड करून निपचित पडल्या होत्या, श्वास थांबला होता.

मित्रांनो, कामाच्या वस्तूला हार घालू नका, तिला काम द्या.

साक्षीने नवी बॅटरी बसवली आहे. दर पौर्णिमेला ती एकटीच मोजत शंभर फेरे देते. मुठीवरची खूण पुसट होत चालली आहे. आता माझा दिवा लगेच लागतो. तो लागला की ती मान खाली घालते.