नाल्याकाठची गवतपट्टी

बल्लारपूरच्या अलीकडे एका कंपनीच्या वसाहतीत गोल्फचं मैदान आहे, नऊ खड्ड्यांचं. साहेबलोक तिथे चेंडू मारतात आणि बाकीचे तो शोधतात. लटारू तिथला हेडमाळी. बावीस वर्षं त्याने ते गवत पोटच्या पोरासारखं वाढवलं. पाहुणा आला की मॅनेजरसाहेब त्याला नवव्या खड्ड्यापाशी आणायचे, पाहुणा म्हणायचा, "वा, गालिचाच की!" आणि त्या एका 'वा'वर लटारूचे पुढचे चार महिने निघायचे.

मग नवे नियम आले. मैदानाचा परवाना हवा असेल तर बोअरचं पाणी बंद, वसाहतीचं सांडपाणी शुद्ध करून तेच वापरा. नाल्यापासून तीस पावलांत फवारणी नाही, आग तर मुळीच नाही. आणि नाल्याकाठी रानगवताची पट्टी राखा. लटारूने एवढंही गिळलं असतं. पण पट्टीची देखरेख शेजारच्या गावातल्या जाणत्या माणसाकडे द्या, असंही एक कलम होतं, आणि त्या कलमासोबत जंगलाकडच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीतली, नीलाबाई आली. आयत्या बिळावर नागोबा, असं लटारू म्हणाला.

खरं सांगायचं तर दोन वर्षांत मैदान सुधारलं. नाल्यात बेडूक आले, बेडकांमागे बगळे आले, आणि गवतातल्या अळ्या औषधाविना कमी झाल्या. दर पावसाळ्यात नवव्या खड्ड्याभोवती गवत कुजायचं, तेही थांबलं. हे लटारूला दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच पोटात दुखत होतं. आता साहेब पाहुण्याला घेऊन थेट नाल्यावर जायचे आणि 'वा' नीलाबाईला मिळायचं. ज्या रानगवतांना, कुसळीला, मारवेलला, त्याने बावीस वर्षं मुळासकट उपटलं, त्यांची नावं सांगून ही बाई शहाणी ठरत होती! नावं त्यालाही येत होती. त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"पगार तं कोणी कापला नाई तुमचा," बायको रंभा म्हणाली. "मंग काऊन जळून राह्यले?"

"पगाराचं कोण बोलून राह्यलं? मले आता कोणी पाह्यतच नाई."

एप्रिलमध्ये परवान्याची तपासणी ठरली. नाल्याकाठी मोहाचं एक जुनं झाड आहे, नीलाबाईच्या घरचं. मैदान होण्याआधीपासून त्याची फुलं तिचंच घर वेचतं. दुसरं कुणी त्याखाली टोपली नेत नाही. फुलं नीट दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला जाळायची रीत साऱ्या मुलखाला ठाऊक. नियम आल्यापासून नीलाबाई जाळत नव्हती, खाली जुनी लुगडी अंथरत होती. पण ते कोण लक्षात घेणार? आग दिसली की लोक मोहवाल्यांकडेच बोट दाखवतात. तपासणीच्या आदल्या दुपारी सगळे जेवायला गेले असताना लटारूने दाताळ्याने पाला ओढला, झाडाच्या बुडाशी ढीग लावला आणि काडी टाकली. अर्धी पट्टी जळाली. मग तोच ओरडत बादली घेऊन धावला, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या ज्योत्स्ना मॅडम राखेपाशी उभ्या राहिल्या. मॅनेजरसाहेब हात झटकून म्हणाले, "या लोकांची सवयच आहे, मॅडम. मोह वेचायचा म्हणून जाळतात."

लटारूच्या छातीत गार वाटलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा.

नीलाबाई झाडापाशी गेली, काळ्या पडलेल्या सालीवर तिने तळवा ठेवला.

"जाळत होतो आमी, मॅडम. खोटं काऊन बोलू? पण आधी बुडापासून दहा पावलं झाडून घेतो. बुडाले आग कोणी लावत नाई. झाडच मेलं तं पुढच्या साली वेचाचं काय?"

मग ती वाकली. जळालेल्या भागाच्या कडेला मातीत दाताळ्याचे ओरखडे होते, सरळ, एकसारख्या अंतराचे. नवव्या खड्ड्याभोवती लटारूच्या हातून रोज सकाळी उमटायचे तसेच. पाप करतानाही लटारूला वेडंवाकडं ओढता आलं नव्हतं. नीलाबाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"कुणी केलं मग?" मॅडमनी विचारलं. "पावसाळा संपेपर्यंत पट्टी उभी राहिली नाही तर परवाना मिळणार नाही."

"मी नाई पाह्यलं कोणाले," नीलाबाई म्हणाली. पदराने हात पुसता पुसता तिने ते ओरखडे पायाने मोडून टाकले. "पट्टी उभी करतो मी. फक्त लटारूभाऊले माह्या हाताखाली द्या. सारं गवत नावानं वयखतात ते. बावीस वरसं त्याईनंच उपटलं."

"वा!" मॅडम म्हणाल्या. लटारूकडे पाहून म्हणाल्या.

ज्या शब्दासाठी तो दोन वर्षं तडफडला, तो आज मिळाला, आणि तोही हिच्या हातून. आगीसाठी त्याचं नाव घेऊन तिने त्याला कामावरून घालवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. निदान रागवायला जागा राहिली असती.

पाऊस पडल्यावर तो मारवेलचे ठोंब लावायला बसला. मागून नीलाबाईचा आवाज आला, "भाऊ, रांगेत नोका लावू. रानात गवत रांगेत येते का?"

त्याला तिचा भयंकर राग आला. दात आवळून त्याने हातातला ठोंब वीतभर बाजूला लावला, आणि तो तिथेच जास्त शोभत होता.