सुकरीच्या तांदळावर आलेला शब्दकोश

मित्रांनो, मला उघडण्याआधी जरा झटका. झुरळं निघतील. मी इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. वय विचारू नका. पहिली चार पानं गेली, त्यांच्याबरोबर जन्मसालही गेलं. शब्दाचा नुसता अर्थ सांगून मी गप्प बसत नाही. तो कुठून आला, त्याचं मूळ काय, हेही बारीक अक्षरात सांगतो. ही बारीक अक्षरं कोणी वाचत नाही म्हणून मी पूर्वी कुरकुरत असे. आता कुरकुरत नाही.

१९९३ साली जव्हारच्या बाजारात मी जुन्या पुस्तकांच्या ढिगात पडलो होतो. तिथून मला देवरामनं आणि सुकरीनं उचललं. दोघं साखरशेतचे. दोन वर्षांपूर्वी जाणत्यांसमोर त्यांचा बोल झाला आणि सुकरी त्याच्या घरी नांदायला आली. लग्न लागायचं राहिलं होतं. त्या पाड्यांत तशी रीतच आहे. बोल झाला की घर मांडायचं, आणि गावजेवणाचा तांदूळ जमला की धवलेरी बोलवायची. धवलेरी म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. कोणाचं वर्षात लागतं, कोणाचं पोरं कडेवर घेऊन लागतं. त्यात कोणी नाक मुरडत नाही.

त्या साली तांदूळ जमला होता, बोकडही पोसला होता. आणि नेमका त्याच साली देवरामला डी.एड.ला प्रवेश मिळाला.

"लगीन काय पळून चाललंय?" सुकरी म्हणाली. "तू आदी मास्तर हो. मंग लावू दणक्यात."

तांदूळ बाजारात गेला, बोकडही गेला. त्यातून देवरामची पत्र्याची पेटी आली, दोन सदरे आले आणि मी आलो. म्हणजे बघा, एका बाईच्या लग्नाचं जेवण विकून माझी खरेदी झाली! माझी मान त्या दिवशी जी खाली गेली ती गेलीच.

पण खोटं कशाला बोलू, सुरुवातीची वर्षं सुखाची होती. सुटीत देवराम घरी आला की ओट्यावर मला मांडीवर घेऊन बसायचा. सुकरी नाचणी पाखडायची. तो एकेक शब्द मोठ्यानं वाचायचा, ती मुद्दाम वाकडातिकडा म्हणायची आणि दोघं हसत सुटायची. दसऱ्याला मला फूल वाहायची. "हा माजा तांदूळ," असं म्हणून माझ्यावरून हात फिरवायची. एवढा मान मला पुन्हा कोणी दिला नाही.

पुढे देवरामला जव्हारच्या एका शाळेत नोकरी लागली. खोली घेतली, मी फळीवर गेलो. आधी तो दर शनिवारी गावी जायचा, मग महिन्यानं, मग सणाला. "लग्न कधी लावायचं?" असा निरोप सुकरीकडून आला की "पुढच्या साली," असं उत्तर जायचं. पुढचं साल काही आलं नाही. आली ती लग्नपत्रिका. मुलगी रोहिणी, एका कारकुनाची, शिकलेली. हॉल ठरला, बँड ठरला.

सुकरी आणि तिचा बाप फागू खोलीवर आले. दोघं दारातच उभी राहिली. बसा म्हणायचीही देवरामला शुद्ध नव्हती.

"देवराम, ही काय रीत झाली?" फागू म्हणाला. "पोर सहा वरसं तुज्या घरात नांदली."

"फागूबाबा, लग्न कुठं झालं होतं आमचं?" देवराम मास्तरी आवाजात म्हणाला. "धवलेरी आली होती का? हळद लागली होती का? विचारा कोणालाही."

"नाय लागली," सुकरी म्हणाली. "तो तांदूळ त्या फळीवर हाय. बघ."

देवरामनं मला फळीवरून काढलं आणि तिच्या हातात दिलं. "घेऊन जा. म्हणजे तुझं-माझं काही राहिलं नाही."

अरे वा रे मास्तर! सहा वर्षांच्या संसाराची बोळवण म्हणून मी! मला तेव्हा वाचा असती तर भर बाजारात त्याची अब्रू काढली असती. फागूनं शिव्या घातल्या. सुकरीनं मला पदरात धरलं आणि ती चालू लागली.

साखरशेतला ती त्याच घरात राहिली. कूड लिंपले, छप्पर शाकारलं, नाचणी पिकवली. मी जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, कणगीवर. बाया देवरामला नावं ठेवायच्या तेव्हा ती म्हणायची, "त्याला कशाला बोलता? शिकल्याल्या लोकांत हळदीबिगर नवरा म्हणत नाय. त्याला तसंच शिकवलं असंल. त्याला ठावं नसंल." या एका वाक्यावर तिनं सात वर्षं काढली. उंदरांनी माझी कड कुरतडली तेवढं मला दुखलं नाही, जेवढं हे वाक्य ऐकून दुखायचं. कारण खरं काय ते मला ठाऊक होतं.

मग २००४च्या दिवाळीत तिची भाची योगिता आश्रमशाळेतून सुटीला आली. तिला नात्यागोत्याचे इंग्रजी शब्द अर्थासकट लिहून न्यायचे होते. तिनं लुगडं सोडलं, मला झटकलं आणि 'हजबंड'वर बोट ठेवलं.

"आत्या, ऐक ना. हजबंड म्हणजे नवरा. आणि खाली बारीक लिहिलंय. हा शब्द फार जुना. पहिला अर्थ, घर करून राहणारा, घराचा धनी. म्हणजे लग्नाचं त्यात काहीच नव्हतं!"

सुकरीचा पाखडणारा हात थांबला. "पुना वाच."

योगितानं वाचलं.

"बघ," सुकरीचा चेहरा उजळला. "विंग्रजांचीपण आपलीच रीत. हे त्याच्या नदरंला पडलं असतं तर..."

"आत्या, इथं पेन्सिलनं लिहिलंय कोणीतरी." योगिता समासात डोळे घालून वाचू लागली. "'घर करून राहणारा. म्हणजे मी. सुकरीचा देवराम.'"

ओट्यावर बसून, हसत हसत, त्यानंच ते लिहिलं होतं. तिला वाचता येत नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं.

सुकरीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. योगिता घाबरली. "खोडू का, आत्या? रबर आहे."

"म्हंजे ठावं होतं त्याला," सुकरी म्हणाली. मग सूप खाली ठेवून तिनं भिंतीला पाठ टेकली. "नको खोडू. तेवढं एकच खरं लिवलंय मेल्यानं."

त्या दिवसापासून तिनं त्याची बाजू घेणं सोडलं. मित्रांनो, पुस्तकांना कव्हर घाला, वाळवीपासून जपा, असं तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. मी एवढंच मागतो, की माझ्या समासात काही लिहाल तर ते पाळा. पाळता येणार नसेल, तर मला रद्दीत घाला. भेळ बांधतील माझ्यात. ते मला चालेल.